औषधांच्या पिशवीत ट्रॅमाडॉल आणि जोडीला भांगेची गोळी: ज्येष्ठांच्या तपासणीत काय काय पाहावं? (नाशिक)

इंदिरानगर_ज्येष्ठमित्र

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुढच्या महिन्यात औषधांची पिशवी तपासणी ठेवली आहे. घरात असतील नसतील ती सगळी औषधं प्रत्येकाने एका पिशवीत घालून आणायची, दोन डॉक्टर आणि एक फार्मासिस्ट ती बघणार. तयारी म्हणून काही याद्या आधीच मागवल्या. नाव-गाव काढून त्यातली एक इथे देतो, कारण थोड्याफार फरकाने अशाच याद्या बऱ्याच आल्या आहेत.

स्त्री, वय ७३, वजन ४८ किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२, लॅबच्या कागदावर त्यापुढे काही खूण नाही.

बीपीची गोळी: टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, सकाळी एक. अ‍ॅस्पिरिन ७५, दुपारी जेवणानंतर. एसिटालोप्रॅम १० (उदासी-चिंतेवरची गोळी), सकाळी. क्लोनाझेपाम ०.५, झोपताना. गुडघ्यांसाठी असेक्लोफिनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५, दिवसातून दोनदा, दोन वर्षांपासून. त्याने भागेना म्हणून ट्रॅमाडॉल ३७.५ + पॅरासिटामॉल ३२५, दिवसातून तीनदा, आठ महिन्यांपासून. अंग दुखलं की स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल ६५०, दिवसाला एक-दोन. आणि यादीत न लिहिलेली, विचारल्यावर कळलेली गोष्ट: संध्याकाळी बोराएवढी भांगेची गोळी, दुधाबरोबर. नात्यातलं कुणीतरी त्र्यंबकहून आणून देतं.

प्रश्न असे. प्रत्येक गोळी वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली आहे आणि एकेक पाहिली तर डोस जास्त वाटत नाही. मग धोका नेमका कुठे शोधायचा? भांगेचं डॉक्टरांना सांगावं का, की त्यातून कायद्याचं झंझट उभं राहतं? यातलं काही लगेच बंद करायला सांगता येईल का? चक्कर आणि विसरभोळेपणा गेल्या तीन-चार महिन्यांत वाढलाय असं घरचे सांगतात. ते वयामुळे धरायचं का?

गोळे_कॉलनी_काउंटर

आधी पॅरासिटामॉलची बेरीज करा. ते तीन नावांनी तीन पाकिटांत बसलंय. असेक्लोफिनॅकच्या गोळीत ३२५ गुणिले २ म्हणजे ६५०. ट्रॅमाडॉलच्या गोळीत ३२५ गुणिले ३ म्हणजे ९७५. वरच्या ६५० च्या दोन घेतल्या त्या दिवशी १३००. एकूण २९२५ मिलिग्रॅम. धडधाकट तरुण माणसाला हे चालून जातं. ४८ किलोच्या, कमी जेवणाऱ्या ७३ वर्षांच्या बाईंना नाही. पन्नास किलोच्या आतल्या वृद्धांमध्ये बरेच डॉक्टर दिवसाला २ ग्रॅमच्या आसपासच थांबतात. त्यात सर्दीची गोळी आली की आणखी ५०० वाढले, कारण बहुतेक सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच.

म्हणून तपासणीत ब्रँडचं नाव वाचून पुढे जाऊ नका. पाकिटामागे बारीक अक्षरात घटक असतात, ते वहीत उतरवा. एकाच घटकाखाली किती पाकिटं येतात ते तिथे लगेच दिसतं. अडचण कापलेल्या पाकिटांची. दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून दिल्या की घटकांची ओळ, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहते. सभासदांना आधीच सांगून ठेवा की मेडिकलमधून घेताना तारखेच्या बाजूचा तुकडा मागा आणि गोळ्या दुसऱ्या टोकाकडून संपवत या. डब्यात सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्या ओळखायच्या भानगडीत पडू नका. पांढऱ्या गोल गोळ्या शेकडो आहेत. ओळख पटली नाही तर ती गोळी बाजूला.

ट्रॅमाडॉलबद्दल. मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच१ मध्ये आहे. पाकिटावर लाल चौकटीतली सूचना आणि लाल अक्षरातलं आरएक्स असतं. केमिस्टने डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली मनःप्रभावी द्रव्यांच्या यादीतही आलं. म्हणजे "जुनी चिठ्ठी आहे ना, द्या पंधरा दिवसांच्या" हे चालायला नको. पिशवीत ट्रॅमाडॉल सापडलं की चिठ्ठी कधीची आहे ते विचारा. आठ महिन्यांपूर्वीची, पाच दिवसांसाठी लिहिलेली चिठ्ठी आणि आजची गोळी, अशी जोडी फार सापडते. एखाद्या डॉक्टरने आठ महिने विचारपूर्वक चालू ठेवलेलं औषध आणि कुणी बंद करायला सांगितलंच नाही म्हणून चालू राहिलेलं औषध यांत फरक आहे. वहीत त्यासाठी वेगळा रकाना ठेवा.

अ‍ॅस्पिरिन + असेक्लोफिनॅक + एसिटालोप्रॅम या तिन्हींमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि यादीत पित्ताची गोळीच नाही. काळी, डांबरासारखी शी होते का, हे विचारायला लाजू नका.

वार्धक्य_ओपीडी

वरची बेरीज बरोबर आहे. मी मूत्रपिंडापासून सुरू करतो, कारण "क्रिएटिनिन १.२, खूण नाही" इथेच सगळे फसतात.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. स्नायू कमी तर क्रिएटिनिन कमी, मूत्रपिंड बरी असोत वा नसोत. औषधांचा डोस ठरवताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र वापरा: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. इथे ६७ गुणिले ४८ म्हणजे ३२१६. भागिले ८६.४ म्हणजे ३७.२. गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे ३२ मिलिलिटर प्रति मिनिट. तिशीतल्या निरोगी माणसात हा आकडा शंभरच्या वर असतो. ३० च्या खाली गेला की साध्या ट्रॅमाडॉलचे दोन डोस बारा तासांच्या अंतराने आणि दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे लागतात. या बाई ३२ वर आहेत. एक जुलाबाचा दिवस किंवा एप्रिलमधली एक दुपार, आणि त्या ३० च्या खाली.

आता त्याच मूत्रपिंडावर यादीतली तीन औषधं एकदम काय करतात ते बघा. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी-मीठ काढतं. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातल्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल ठेवतं. असेक्लोफिनॅक आत येणारी वाहिनी आकसवतं. पाणी कमी, आत येणारा नळ बारीक, बाहेर जाणारा मोठा: गाळणीतला दाब पडतो. एकेकटी दिली तर बहुतेकांचं निभतं, तिन्ही एकत्र आली की अंगातलं पाणी कमी होताच मूत्रपिंड बसतं. असेक्लोफिनॅकचा काही भाग शरीरात डायक्लोफिनॅक होतो. गुरांना दिलेलं हेच डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांमधून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद करावं लागलं. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी सुरक्षित मांस ठेवण्याची जागा केली आहे, ती याच कारणाने. गिधाड आणि माणूस यांत फरक खूप आहे, पण मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आटवण्याची या औषधाची ताकद लोकांना सांगायला हे उदाहरण आपल्या जिल्ह्यात पटकन पटतं.

विसरभोळेपणा आणि चक्कर वयावर ढकलू नका. सोडियम तपासून घ्या. हायड्रोक्लोरोथायझाइड, एसिटालोप्रॅम आणि ट्रॅमाडॉल, तिन्ही सोडियम खाली आणू शकतात. १३५ ते १४५ हवं. १३० च्या खाली गेलं की म्हातारं माणूस मंद होतं, तोल जातो, नावं विसरतं, आणि घरचे त्याला स्मृतिभ्रंश समजतात. साधी रक्ताची तपासणी आहे. क्रिएटिनिनसोबत सोडियम-पोटॅशियम मागा, कारण टेल्मिसार्टन आणि असेक्लोफिनॅक मिळून पोटॅशियम वर नेतात.

ट्रॅमाडॉल आणि एसिटालोप्रॅमची जोडी वेगळी बघावी. दोन्ही सेरोटोनिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) वाढवतात. हात थरथरणं, दरदरून घाम, जुलाब, बेचैनी, पायाच्या घोट्याला झटके असं काही एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ट्रॅमाडॉलने फिट येण्याचा धोकाही वाढतो, आधी फिट आलेल्यांना तर ते टाळलेलंच बरं. यकृतातल्या सीवायपी२डी६ नावाच्या एन्झाइमकडून ट्रॅमाडॉलचं खरं वेदनाशामक रूप तयार होतं. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन (एसिटालोप्रॅमच्याच गटातल्या गोळ्या) हे एन्झाइम दाबतात. मग गोळीने दुखणं जात नाही, माणूस एक जास्त घेतो, आणि दुष्परिणाम मात्र वाढतात. इथे एसिटालोप्रॅम आहे, तो परिणाम सौम्य, पण तुमच्या इतर याद्यांत फ्लुओक्सेटिन निघेल.

ट्रॅमाडॉल + क्लोनाझेपाम: दोन्ही श्वास आणि जाग मंदावतात. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) या दोन गटांच्या, म्हणजे ट्रॅमाडॉलसारखी अफूगटातली वेदनाशामकं आणि क्लोनाझेपामसारखी औषधं यांच्या, एकत्र वापरावर सर्वांत कडक सूचना छापायला लावली. त्यात भांग मिसळली की मेंदूला सुस्त करणारी तीन द्रव्यं झाली, रोज, त्याच संध्याकाळी.

इंदिरानगर_ज्येष्ठमित्र

सूत्र आजच वहीत छापून घेतो. भांगेबद्दल कुणी नीट सांगेल का? आमच्याकडे शिवरात्रीनंतर आणि आता कुंभाच्या तयारीत हा विषय वाढणार. "झाडपाला आहे, प्रसाद आहे, गोळ्यांपेक्षा बरा" असं सरळ ऐकायला मिळतं.

द्रव्यगुण_पंचवटी

विस्ताराने लिहिते.

भांग म्हणजे पानं, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. नशा आणणारं टीएचसी तिन्हीत आहे, प्रमाण मात्र वेगळं, आणि बोराएवढ्या गोळीत ते किती मिलिग्रॅम आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. पानं कोवळी की जून, शेंडे मिसळलेत का, किती वाटली, तूप किती, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे कालच्या गोळीने काही झालं नाही म्हणून आजच्या गोळीने काही होणार नाही, असं धरताच येत नाही.

पोटातून घेतलेली भांग आणि चिलमीतला गांजा यांच्या वेळा वेगळ्या. धुराचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि दोन-तीन तासांत उतरायला लागतो. गिळलेली भांग अर्धा ते दोन तासांनी चढते आणि सहा-आठ तास, म्हाताऱ्या माणसात त्याहून जास्तही, राहते. यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते मेंदूत सहज शिरतं. दूध-तुपाबरोबर शोषण वाढतं. नेहमीची चूक हीच: तासाभराने "काही होत नाही" म्हणून दुसरी गोळी, आणि मग दोन्ही एकदम. संध्याकाळी सातला घेतलेली भांग रात्री दहाला ऐन भरात असते, तेव्हा क्लोनाझेपाम पोटात जातं, आणि रात्री दोनला बाई लघवीला उठतात. नाडी वाढलेली, उभं राहिल्यावर बीपी पडलेलं, नजर अंधुक, ओली फरशी. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं.

तपासणीच्या दिवशी हे मोजता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर तो कागदावर लाल शाईने लिहा. उभं करताना मागे खुर्ची आणि शेजारी माणूस हवाच.

इतर औषधांशीही गाठ आहे. टीएचसीचं विघटन सीवायपी२सी९ आणि सीवायपी३ए४ या एन्झाइमांनी होतं, आणि सीबीडी (याच झाडातलं, नशा न आणणारं दुसरं द्रव्य) सीवायपी२सी१९ आणि ३ए४ दाबतं. तुमच्याकडे कुणी रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम घेत असेल आणि भांग किंवा सीबीडी सुरू केलं असेल, तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. एंजिओप्लास्टी झालेल्यांनी हृदयाची वाढलेली नाडी हा वेगळा धोका समजावा. लघवी अडणारे पुरुष, काचबिंदूचे थेंब घालणारे, आधी भ्रम झालेले: या तिघांनाही नाव घेऊन विचारा. काचबिंदूला भांग चांगली असं ऐकून थेंब सोडणारे भेटतात. डोळ्याचा दाब तीन-चार तास उतरतो आणि परत चढतो, थेंब सोडणं म्हणजे दृष्टी गमावणं.

गुडघ्याला उपयोग होतो का? नसांच्या दुखण्यात काहींना थोडा फरक पडतो, असं म्हणायला आधार आहे. झिजलेल्या गुडघ्यासाठी तो आधार फार तुटपुंजा आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये वेदनेसाठी गांजाजन्य औषधांच्या सर्रास वापराला पाठिंबा दिला नाही. संध्याकाळी बरं वाटतं ते खोटं नाही. झोप लागते आणि दुखण्याकडचं लक्ष हटतं. पण ते गुडघा सुधारल्यामुळे नव्हे, हे सांगावं.

कायदा. एनडीपीएस १९८५ मध्ये गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून भांग केंद्राच्या त्या व्याख्येबाहेर राहते. पण आपल्याकडे ती महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि परवाना लागतो. "भांग कायदेशीर आहे" हे वाक्य उत्तरेतून ऐकलेलं असतं, ते नाशिकला जसंच्या तसं लावू नका. गांजा एक किलोपर्यंत "अल्प मात्रा" धरतात, तरी तोही गुन्हाच, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र डॉक्टरांना सांगणं हा गुन्हा नाही. रुग्णाने सांगितलेलं गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि व्यसनावर स्वतःहून उपचार घेणाऱ्याला एनडीपीएसच्या ६४अ कलमाचं संरक्षण मिळू शकतं. त्यामुळे सांगा, आणि नीट सांगा: किती, कशाबरोबर, किती वाजता, आठवड्यातून किती दिवस.

आयुर्वेदात विजया, म्हणजे भांगच, आहेच. औषधांच्या नियमांतल्या शेड्यूल ई१ मध्ये भांग (बिया सोडून) अफू, धोतरा, वत्सनाभ, कुचला यांच्या पंगतीत बसते. अशा औषधाच्या डब्यावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना हवी. परवाना क्रमांक, बॅच, घटकांचं प्रमाण आणि ही सूचना यांतलं काहीही नसेल तर ते औषध म्हणून मोजू नका. बाजारात हेंपच्या बियांचं तेल मिळतं, त्याला २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता मिळाली. ते खायचं तेल आहे, दुखणं थांबवणारं नाही. बाटली बघून दोन्हींत गल्लत होते, म्हणून पिशवीत तेल निघालं तर "सीड" हा शब्द शोधा.

वार्धक्य_ओपीडी

बंद करण्याचा क्रम विचारला होता. संघाने स्वतः काहीही बंद करायला सांगू नये, कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवावं. पण क्रम कळला तर घरचे घाई करत नाहीत.

पहिलं जातं असेक्लोफिनॅक. ते एकदम थांबवता येतं, शरीराला त्याची सवय लागत नाही. वरची मनाने घेतलेली ६५० ची गोळी ट्रॅमाडॉल चालू आहे तोवर बेरजेत धरायची. गुडघ्यावर डायक्लोफिनॅक जेल १ टक्का, मूत्रपिंडाचा आकडा बघून डॉक्टरांनी होकार दिला तर. एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, म्हणजे बोटाच्या दोन पेरांपेक्षा बरंच जास्त. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि "जेलचा उपयोग नाही" म्हणून सोडतात. चोळायची गरज नाही, पसरवायचं, आणि वरून शेकायचं नाही.

ट्रॅमाडॉल आठ महिन्यांनी एकदम थांबवलं तर घाम, जुलाब, नाक गळणं, बेचैनी, रात्रभर जाग. दुखणंही दुप्पट वाटतं, आणि त्याचाच अर्थ लोक "गोळीशिवाय जमत नाही" असा काढतात. तीनच्या दोन, दोन ते चार आठवडे थांबून एक, मग अर्धी (गोळीवर मधोमध रेघ असेल तरच), असा उतार ठेवतात. आधी दुपारची काढतात, रात्रीची शेवटी. साधी गोळी आणि एसआर (औषध हळूहळू सोडणारी) यात घोळ करू नका. एसआर गोळी तोडायची, चावायची नाही, बारा तासांचा साठा एकदम सुटतो.

क्लोनाझेपाम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. ०.२५ च्या गोळ्या मिळतात, पण ०.५ वरून सरळ ०.२५ ही उडीसुद्धा काहींना मोठी पडते. एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. एका वेळी दोन औषधं कमी करायची नाहीत, नाहीतर त्रास कशाचा हे कळत नाही.

रोजची भांग थांबवली तर आठ-पंधरा दिवस झोप उडते, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात. जिवाला धोका नसतो, पण सांगितलं नसेल तर घरचे झोपेची गोळी वाढवून मोकळे होतात.

गुडघ्यासाठी जे खरं काम करतं ते गोळीच्या पाकिटात नाही. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून पाच ते दहा सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सहा ते आठ आठवडे केल्याशिवाय निकाल बघू नका. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, उंची मनगटाच्या घडीपर्यंत. भारतीय शौचालयावर ठेवायची कमोड खुर्ची. निफाडचा पारा उतरला की नाशकातही गुडघे धरतात, तेव्हा सकाळचा व्यायाम अंथरुणातच करा आणि मग उठा.

भूल_टेबल

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर भांग-गांजा भूलतज्ज्ञाला सांगितलाच पाहिजे. रोज घेणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, नाडी आणि बीपी वरखाली होतात, नंतरचं दुखणंही जास्त जाणवतं. गांजा ओढून दोन तास झाले नसतील तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलतात. गिळलेली भांग त्याहून जास्त वेळ अंगात राहते, त्या दिवशी ती नकोच.

घरी कुणी खूप गुंगीत असेल तर छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दहाच्या खाली, किंवा हाक मारून, खांदा हलवून जाग नाही, ओठ निळसर, घशातून घरघर: १०८. कुशीवर झोपवा, तोंडात काहीही घालू नका, लिंबूपाणी नाही, उलटी काढायची नाही. पिशवी सोबत द्या. नालोक्सोन (अफूगटातल्या औषधांवरचा उतारा) ट्रॅमाडॉलवर अर्धवटच चालतं आणि भांगेवर उतारा नाही, म्हणून रुग्णालयात नेमकं काय घेतलं ते कळणं फार महत्त्वाचं आहे.

गोळे_कॉलनी_काउंटर

एक राहिलं. "सांधेदुखीची पुडी". नाव नाही, घटक नाहीत, आठवडी बाजारातली किंवा कुणाच्या ओळखीतली. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता. गोल झालेला चेहरा, अचानक वाढलेली साखर, हाताला जरा लागलं की काळंनिळं: हे शोधा. आणि अशी पुडी सापडली म्हणून फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने घेतली असेल तर अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) झोपलेल्या असतात, एकदम थांबवलं की बीपी कोसळतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे, सकाळच्या कॉर्टिसोलची (त्याच स्टेरॉइडची) रक्ततपासणी ते सांगतील.

दुखण्याचे पॅच निघाले तर ते सात दिवसांचे ब्युप्रेनॉर्फिनचे आहेत की तीन दिवसांचे फेंटानिलचे ते वाचा. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की औषध झपाट्याने अंगात शिरतं. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका, नातवंडांच्या हाताला लागू नये.

इंदिरानगर_ज्येष्ठमित्र

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: भांगेचं विचारायचं कसं? चारचौघांत कुणी हो म्हणत नाही. आणि पुढे कुठे पाठवायचं?

द्रव्यगुण_पंचवटी

चारचौघांत विचारूच नका. बीपी मोजायला पडद्याआड नेता तेव्हा, मोजणाऱ्यानेच, सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचं: "आजी, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी घरचं काही घेता का? तपकीर, मिश्री, भांग, काढा, पुडी?" यादीच्या मध्ये भांग आली की उत्तर सहज येतं. "व्यसन आहे का" असा शब्दही नको. हो म्हणाल्या तर पुढचा प्रश्न किती वाजता, आणि तिसरा: त्यानंतर रात्रीची गोळी किती वाजता. मुलगा-सून सोबत असतील तर त्यांना तेवढ्यापुरतं बाहेर बसवा.

पाठवायला: त्र्यंबक रोडच्या सिव्हिलची ओपीडी, मूत्रपिंडाचा आकडा खराब असेल तर शालिमारचं संदर्भ रुग्णालय, नाशिकरोडकरांना बिटको. झोप, मन आणि सवयीबद्दल फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. औषधाचा दुष्परिणाम झाला असेल तर तो कळवायला १८००-१८०-३०२४, तिथे रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात.

वहीच्या पानावर सर्वांत वर चार आकडे ठेवा: वजन, क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा, सोडियम, उभं राहिल्यावरचं बीपी. त्याच्या खाली औषधं, घटकांच्या नावाने, घड्याळाच्या क्रमाने, भांगेसकट. पानाच्या दोन प्रती काढा. एक पिशवीतच राहू द्या, म्हणजे रात्री १०८ आली तर शोधाशोध नको.